आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा परदेशवास

आपल्या स्मरणिकेतील गुणगौरवाच्या पानांत परदेशी उच्च शिक्षणास अगर नोकरीस निघालेल्या मुलामुलींची नावे दरवर्षी वाढत आहेत, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. त्यांपैकी काही जण अमेरिकेतील बॉस्टन व त्यालगतचे केंब्रिज या नगरांकडे जातात. त्याच केंब्रिजात इ. स. १९१० साली आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठी जाऊन राहिले होते. त्यांनी इंग्रजी शाळेचे तोंड पाहिले नव्हते; त्यांच्यापाशी मॅट्रिकचेसुद्धा प्रमाणपत्र नव्हते. ते गृहस्थ म्हणजे कै. आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. त्यांचे नाव ज्ञातीत सर्वांच्या परिचयाचे आहे, त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथही पुष्कळांच्या घरी आहे. परंतु परक्या देशी नवखा माणूस म्हणून ते कसे राहिले, काय सोसले आणि कोठे अडून बसले, याची हकिकत फारशी सांगितली जात नाही. ती येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

धर्मानंदांचा जन्म दि. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक. मराठीचे जेमतेम शिक्षण झाले आणि पुढे नारळीच्या बागेची देखरेख नशिबी आली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास विवाह झाला. अशा स्थितीत 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या मनाने उचल खाल्ली. विनायक कोंडदेव ओक यांच्या त्या लहानशा मासिकाने केवढे कार्य केले, हे आम्हां शिक्षक मंडळींनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८९९ च्या अखेरीस, कन्या माणिक तान्ही असताना, धर्मानंदांनी घर सोडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या आपल्याच ज्ञातीच्या महापंडिताने त्यांना आश्रय व मार्गदर्शन दिले. तेथून ते काशीस गेले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बौद्ध धर्माचा शोध घेत ते पायी नेपाळात पोचले, परंतु तेथील अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. मग बुद्धगयेस आल्यावर त्यांना कळले की, पाली त्रिपिटकाचे अध्ययन करावयाचे तर सिंहलद्वीपाशिवाय मार्ग नाही. समुद्रपर्यटनावरून आपल्या ज्ञातीत वाद झडत असत, असे ते दिवस होते. धर्मानंदांनी त्याचा विचार केला नाही. १९०२ साली ते मद्रासमार्गे कोलंबोस पोचले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, सुमंगल महास्थविर हे प्रमुख होते. त्यांच्यापाशी धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. नारळीची झाडे, भात आणि दमट हवा हे सारे गोव्यासारखेच. साखवाळच्या माणसाला तेथे परके असे काय वाटावे, असे वाचकांस वाटेल. पण परकेपण झाडांत नसते. कानी पडणारी सिंहली भाषा कळत नव्हती. मध्याह्नानंतर अन्न घ्यावयाचे नाही, हा भिक्षुजीवनाचा नियम अंगवळणी पाडावयाचा होता. विद्वान भिक्षूंना संस्कृत येत असे, तेवढाच एक दुवा होता.

सर्वांत मोठी अडचण लिपीची होती, आणि ती येथे थोडी समजावून देणे अवश्य आहे. पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात तेथील लिपीत, आणि युरोपात रोमन लिपीत. नागरी अक्षरे जाणणाऱ्या माणसाने पुस्तक उघडले तर सगळी वाटोळी, वळणदार अक्षरे. एकही ओळखीचे नाही. पंचविशी ओलांडलेल्या, विवाहित, एका मुलीचा बाप असलेल्या या विद्यार्थ्याने लहान मुलाप्रमाणे नवी मुळाक्षरे गिरविली. आम्ही उभा जन्म मुलांना मुळाक्षरे शिकविली आहेत. मोठ्या वयाच्या माणसाला ती गिरविताना शरमेचा किती मोठा डोंगर ओलांडावा लागतो, हे आम्हांस ठाऊक आहे. धर्मानंदांनी तो ओलांडला.

तेथील खाणे व हवा मात्र त्यांच्या प्रकृतीस मानवली नाही आणि सुमारे वर्षभरातच त्यांना सिंहलद्वीप सोडावे लागले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तेथे पुन्हा नवी भाषा, पुन्हा नवी लिपी. तेथे ते पूर्ण भिक्षू झाले. न्यानतिलोक या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले जर्मन भिक्षू त्या वेळी तेथेच होते. सगाईंगच्या डोंगरात या दोघांनी एका ब्रह्मी साधूपाशी ध्यानाचा अभ्यास केला. एक गोमंतकीय, एक जर्मन, आणि दोघांचाही गुरू ब्रह्मी! पाली ही तिघांची सामाईक विद्या होती.

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास परतले, भिक्षूची चीवरे त्यांनी उतरविली आणि तेथे ते पाली शिकवू लागले. कलकत्ता विद्यापीठात पुढे चांगल्या वेतनाची सोय होत असताना त्यांनी ती सोडली आणि बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात येऊन राहणे पत्करले. आपल्या माणसांना आपल्या भाषेत बुद्धाचा उपदेश सांगावा, ही त्यांची इच्छा होती. व्यवहारी माणसे याला वेडेपणा म्हणतील. आम्ही तसे म्हणणार नाही.

याच सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स इकडे आले असता त्यांचा व धर्मानंदांचा परिचय झाला. हार्वर्डात एक मोठे काम अडून पडले होते. बुद्धघोषाने पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या 'विसुद्धिमग्ग' या प्रचंड पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरेन यांनी हाती घेतली होती. परंतु ते १८९९ साली वारले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करावयाचे तर सिंहली व ब्रह्मी लिपींतील पाठ ताडून पाहणारा आणि ग्रंथाचा अर्थ गुरुमुखातून शिकलेला माणूस हवा होता. कोलंबोत गिरविलेली वाटोळी अक्षरे आठ वर्षांनी अशी उपयोगी पडली. वुड्स यांनी निमंत्रण दिले आणि १९१० साली धर्मानंद इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेले.

केंब्रिजचा हिवाळा म्हणजे काय, हे तेथे राहिलेली आपली मुले सांगतीलच. महिनेच्या महिने बर्फ, दुपारीच मावळणारा दिवस. चीवरे घालून ब्रह्मदेशात हिंडलेल्या माणसाच्या अंगावर आता विलायती पोशाख आला. इंग्रजी त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने मिळविले होते. आता तीच भाषा चोवीस तासांची झाली. फावल्या वेळी ते समाजवादाविषयीचे वाङ्मय वाचू लागले. श्रीमंत अमेरिकेतील मजुरांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे होती, आणि बुद्धाची करुणा व मजुरांची चळवळ यांची सांगड त्यांच्या मनात तेव्हापासून बसू लागली.

थंडी, भाषा आणि अन्न यांपुढे वाकण्यास त्यांची ना नव्हती. खरी अडचण निघाली ती कामाच्या श्रेयाची. हार्वर्डच्या प्राच्यग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन हे संस्कृतचे वृद्ध व नामांकित प्राध्यापक. वॉरेन हे त्यांचे शिष्य व स्नेही. ग्रंथमाला दोघांनी मिळून सुरू केलेली आणि तिला वॉरेन यांचेच द्रव्यबळ. तेव्हा ग्रंथावर वॉरेन यांचे नाव प्रमुख असावे आणि कोसंबी हे साहाय्यक म्हणून राहावेत, असा लॅनमन यांचा आग्रह पडला. दिवंगत मित्राचे स्मारक व्हावे, या भावनेत गैर काही नाही, हे आम्हीही मान्य करू. परंतु जो माणूस पाठ ताडतो, दुरुस्त करतो आणि ग्रंथ उभा करतो, त्याचे नाव कोठे असावे? धर्मानंदांना ही वाटणी न्याय्य वाटली नाही. परक्या देशात, दुसऱ्याच्या निमंत्रणावर आणि दुसऱ्याच्या वेतनावर असताना पुष्कळजण अशा वेळी मान खाली घालतात. धर्मानंदांनी तसे केले नाही. १९१२ साली काम तसेच ठेवून ते स्वदेशी परतले.

फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी १९१२ ते १९१८ पर्यंत पाली शिकविली. डॉ. पु. वि. बापट यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि बापटांनी पुढे हार्वर्डातच 'विसुद्धिमग्गा'शी संबंधित विषयावर डॉक्टरेट मिळविली.

१९१८ साली हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले. या खेपेस धर्मानंद माणिक व दामोदर या दोन मुलांना घेऊन गेले. सौ. बाळाबाई धाकट्या मुलींसह इकडेच राहिल्या. आपल्या चरित्रलेखनात अशा स्त्रियांचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची चाल आहे. १८९९ साली तान्ह्या मुलीसह मागे राहिलेली ही बाई १९१८ साली पुन्हा मागे राहिली, आणि या वेळी दोन मुले सातासमुद्रापलीकडे गेली. धर्मानंदांच्या विद्येची किंमत कोणी मोजली, हे विचारताना पहिले नाव त्यांचे घ्यावे लागेल. मुलांचे मात्र तेथे कल्याण झाले. माणिकने रॅडक्लिफ येथे शिक्षण घेतले. १९२२ साली वडील परतले तरी दामोदर शिक्षणासाठी तेथेच राहिला आणि १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. तेच पुढे गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून जगप्रसिद्ध झालेले डी. डी. कोसंबी.

या दुसऱ्या खेपेसही 'विसुद्धिमग्गा'चे घोडे पुढे सरकले नाही. परंतु त्याच अवधीत धर्मानंद व वुड्स यांनी मिळून 'पपंचसूदनी' या पाली भाष्याचे संपादन केले. तिचा पहिला भाग १९२२ साली लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने काढला. त्यावर दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत. एकाच विद्यापीठात एक प्राध्यापक हे करू शकले आणि दुसऱ्यांना ते जमले नाही. तेव्हा दोष साऱ्या परदेशाला देऊन भागत नाही.

१९२२ नंतर काही वर्षे ते अहमदाबादेस गुजरात विद्यापीठात होते. १९२६ साली लॅनमन निवृत्त झाले. त्याच वर्षी धर्मानंद तिसऱ्यांदा हार्वर्डास गेले आणि १९२७ साली त्यांनी ग्रंथाचे काम संपविले. म्हणजे १९१० साली हाती घेतलेले काम सतरा वर्षांनी पुरे झाले. १९२९ साली ते लेनिनग्राडास पाली शिकविण्यास गेले. तेथून परतल्यावर मिठाच्या सत्याग्रहात पडले, त्यांनी तुरुंगही पाहिला, आणि १९३१ साली पुन्हा एकदा हार्वर्ड गाठले. ती त्यांची शेवटची अमेरिकायात्रा.

१९४० साली मुंबईच्या भारतीय विद्याभवनाने 'विसुद्धिमग्ग' नागरी लिपीत प्रसिद्ध केला. त्यावर संपादक म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे नाव आहे. ज्या लिपीत त्यांनी साखवाळला अक्षरओळख करून घेतली, त्या लिपीत हा ग्रंथ प्रथम आपल्या हाती आला. दि. ४ जून १९४७ रोजी, आपले कार्य संपले असे मानून अन्नत्याग केलेल्या अवस्थेत, त्यांनी सेवाग्राम येथे देह ठेवला.

हार्वर्डची आवृत्ती त्यानंतर तीन वर्षांनी, १९५० साली, ग्रंथमालेचा ४१ वा भाग म्हणून बाहेर पडली. तोवर लॅनमनही हयात नव्हते. तिच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरेन यांचे नाव आहे आणि त्याखाली, संशोधन करणारे म्हणून, धर्मानंद कोसंबी यांचे.