बास्केटखालचा जॉर्ज मायकन

पिपलानीच्या मैदानावर मुलांचा बास्केटबॉलचा सामना रंगात आला की पालकांच्या बाकांवरून एक उसासा हमखास ऐकू येतो. मुलगा सगळ्यांना चुकवत थेट बास्केटखाली पोहोचतो, समोर कोणी नसते, आणि चेंडू बोर्डावर आपटून बाहेर येतो. इतक्या जवळून चुकतेच कसे, असे पाहणाऱ्याला वाटते. पण चुकते, आणि चांगल्या-चांगल्यांचे चुकते. धावती पावले, दहा फुटांवरची रिंग, अंगावर येणारा प्रतिस्पर्धी आणि बहुधा नको त्या हातात आलेला चेंडू, हे सारे एका क्षणात जमवावे लागते. ते जमावे म्हणून जो सराव आज देशोदेशी करून घेतला जातो, तो एका खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. त्या जॉर्ज मायकनची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

जॉर्जचा जन्म १८ जून १९२४ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, जोलिएट या गावी झाला. लहानपणी गुडघ्याला जबर दुखापत होऊन तो सुमारे दीड वर्ष अंथरुणाला खिळला होता. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. उंची मात्र थांबायला तयार नव्हती. ती सहा फूट दहा इंचांवर गेली. उंच मुलाला आपल्याकडे भोपाळात लगेच 'लंबू' म्हणून हाक पडते आणि वर्गात शेवटचा बाक मिळतो. तिकडेही त्या काळी फार उंच मुलाच्या हातून बास्केटबॉल होणार नाही, तो पायात पाय घालून पडेल, असाच समज होता. काही काळ जॉर्जने धर्मगुरू होण्याच्या विचाराने शिक्षण घेतले. पुढे नोटर डेम विद्यापीठाच्या संघासाठी तो चाचणी द्यायला गेला, तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी हा मुलगा फार बेंगरूळ आहे असे ठरवून त्याला परत पाठवले.

तो शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात राहिला. तिथे १९४२ मध्ये रे मेयर नावाचे नवे प्रशिक्षक आले. वय अवघे २८. मेयर यांना जॉर्जच्या उंचीत संधी दिसली, पण नुसत्या उंचीवर भागणार नाही हेही ते ओळखून होते. त्यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियोद्ध्यासारखे हवेत ठोसे मारायला लावले, चपळ आणि ठेंगण्या खेळाडूंच्या मागे पळवले. एवढेच नव्हे, तर पाय हलके पडावेत म्हणून नृत्यही शिकायला लावले! आणि रोज बास्केटजवळून शेकडो शॉट, जितके उजव्या हाताने तितकेच डाव्या हाताने.

यातूनच तो प्रसिद्ध सराव पुढे आला. आमच्या विद्यार्थ्यांना तो आजच संध्याकाळी करून पाहता येईल. त्याला एक चेंडू आणि एक रिंग पुरते. रिंगच्या खाली, बोर्डाकडे तोंड करून उभे राहायचे. उजव्या बाजूला डाव्या पायावरून उडी घेत, उजवा गुडघा वर उचलून, उजव्या हाताने चेंडू बोर्डावरच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्याजवळ अलगद लावायचा. जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला टेकू न देता झेलायचा, तसेच डावीकडे पाऊल टाकायचे आणि उजव्या पायावरून उडी घेत डाव्या हाताने तेच करायचे. मग पुन्हा उजवीकडे. चेंडू हनुवटीच्या खाली आणायचा नाही, कारण खाली आला की ठेंगणा प्रतिस्पर्धीही तो हिसकावतो. पहिले काही दिवस डावा हात अगदी परक्यासारखा वागतो. मुले तेव्हाच कंटाळतात आणि पुन्हा उजव्या हातावर येतात. ज्याला एकच हात येतो, त्याला अडवणाऱ्याचे काम मात्र निम्मे होते.

जॉर्जच्या बाबतीत याचे फळ लवकर दिसले. १९४५ च्या राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेत ऱ्होड आयलंडच्या संघाविरुद्ध त्याने एकट्याने ५३ गुण केले. त्या सामन्यात समोरच्या संपूर्ण संघाचे गुणही ५३ च होते. पुढे व्यावसायिक खेळात मिनियापोलिस लेकर्स संघाने १९४८ ते १९५४ या सात हंगामांत सहा अजिंक्यपदे मिळवली, ती मायकनच्या बळावर. हाच संघ १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेला.

त्याला रोखायला खेळाचे नियमच बदलावे लागले. मायकन आणि बॉब कर्लंड हे दोघे रिंगमध्ये उतरणारा चेंडू वरच्या वर उडवून लावत, म्हणून १९४४ मध्ये महाविद्यालयीन खेळात त्यावर बंदी आली. बास्केटसमोरचा रंगवलेला पट्टा सहा फूट रुंद होता, तो १९५१ मध्ये बारा फूट करण्यात आला. त्याला बास्केटपासून दूर ठेवणे हाच त्यामागचा हेतू. २२ नोव्हेंबर १९५० रोजी तर फोर्ट वेन संघाने त्याच्या हाती चेंडू लागू नये म्हणून सामनाभर चेंडू नुसता धरून ठेवला आणि १९-१८ असा विजय मिळवला. लेकर्सच्या त्या १८ पैकी १५ गुण मायकनचे होते. असे कंटाळवाणे सामने टाळण्यासाठी १९५४ पासून २४ सेकंदांत शॉट घेण्याचे बंधन आले. आज आपण पाहतो तो वेगवान खेळ त्यामुळेच घडला.

खेळता खेळता मायकनने कायद्याची पदवीही घेतली होती. निवृत्तीनंतर त्याने वकिली केली, १९६७ मध्ये सुरू झालेल्या नव्या व्यावसायिक लीगचा तो पहिला आयुक्त झाला आणि लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचा चेंडू त्यानेच आणला. म्हातारपण मात्र सोपे गेले नाही. मधुमेहाने एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला, मूत्रपिंडे निकामी झाली. त्याही अवस्थेत तो १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्या खेळाडूंच्या तुटपुंज्या पेन्शनसाठी भांडत राहिला. १ जून २००५ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी त्याचे निधन झाले. तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्च उचलायला पुढे आला तो शकील ओनील, लेकर्सचाच माजी सेंटर आणि त्या काळचा बास्केटखालचा सर्वांत बलाढ्य खेळाडू.