फाल्गुनरावांचे जनक देवल मास्तर

सांगली : बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर पाहून संशयाने पेटलेले फाल्गुनराव आणि नवऱ्याने रस्त्यात एका तरुणीला सावरताना पाहून तितक्याच पेटलेल्या कृत्तिकाबाई. शंभर वर्षे उलटली तरी या दांपत्याचे भांडण मराठी प्रेक्षकांना हसवीत आहे. हे भांडण रचणारे गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. त्याच्या बारा वर्षे आधी, १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीतच 'सीता स्वयंवर' सादर करून मराठी रंगभूमीचा पाया घातला होता. बेळगावला शिकत असताना देवलांना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला. काही काळ शिक्षकी केल्यावर ते नाटकातच रमले. भूमिकांपेक्षा ते रमले तालमीत. नाटकमंडळींना ते 'देवल मास्तर' म्हणूनच परिचित होते.

त्यांच्या सात नाटकांपैकी स्वतंत्र कथानकाचे एकच, १८९९ चे 'शारदा'. जरठ-बाला विवाहावर प्रहार करणारे हे नाटक इतके गाजले, की १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचे 'शारदा कायदा' हे नाव त्यावरूनच पडले, असा अनेकांचा समज झाला. वास्तविक ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून आले होते.

बाकीची नाटके संस्कृत व इंग्रजी कृतींवर आधारलेली. त्यांतील दोन शेजारी ठेवून पाहावीत. १८९० चे 'झुंझारराव' हे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे रूपांतर. त्यात पत्नीविषयीचा संशय संसार होरपळून टाकतो. तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये देवलांनी तोच संशय पुन्हा हाती घेतला आणि 'फाल्गुनराव' हे गद्य प्रहसन लिहिले. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० च्या 'स्गानारेल'ची. ती देवलांपर्यंत पोहोचली मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या रूपांतरातून.

पण परकेपणाची खूण देवलांनी उरू दिली नाही. पात्रांना नावे दिली ती पंचांगातली. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ हे महिने. कृत्तिका, रेवती, रोहिणी ही नक्षत्रे. फाल्गुनरावांचा नोकर भादव्या, तोही भाद्रपदातला. मालकाच्या संशयाच्या वावटळीत सापडलेला हा गडी प्रेक्षकांचा लाडका ठरला. नायकाचे नाव हेच नाटकाचे नाव होते. पुढे त्यात पदे घालून देवलांनी संगीत नाटक सिद्ध केले, तेव्हा त्याचे नाव झाले 'संशयकल्लोळ'. मात्र प्रेक्षकांच्या ओठी फाल्गुनराव राहिलेच.

१४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. त्याच वर्षी, त्यांच्यामागे, गंधर्व नाटक मंडळीने 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. त्यांच्याच तालमीत घडलेले गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले, तर बालगंधर्व रेवती. पदांनी नटलेला तो खेळ पाहण्याचे भाग्य मात्र मास्तरांना लाभले नाही.

एकाच विकाराने एकीकडे घर उद्ध्वस्त होते, दुसरीकडे हसून सावरते. फरक एवढाच, की फाल्गुनरावांच्या घरी अखेरीस सारेजण समोरासमोर येऊन बोलतात. देवल मास्तरांनी हसविता हसविता शिकविलेला हा धडा आजही जुना झालेला नाही.