नॉर्डनचे नेमयंत्र आणि न सुटलेला प्रश्न

युद्धशास्त्राच्या इतिहासात कार्ल नॉर्डन या डच अभियंत्याचे स्थान विलक्षण आहे. १८८० साली जावा बेटावरील सेमारांग येथे जन्मलेला, झुरिच येथे यंत्रविद्या शिकलेला हा धर्मनिष्ठ ख्रिस्ती गृहस्थ १९०४ मध्ये अमेरिकेत गेला. समुद्रावर हेलकावणारी जहाजे स्थिर राखणाऱ्या जायरोस्कोपवर त्याने प्रथम काम केले. पुढे १९२० पासून अमेरिकी नौदलासाठी विमानातील बॉम्बफेकीचे नेमयंत्र घडविण्यात त्याने उमेदीची वर्षे वेचली.

विमानाचा वेग, उंची आणि वाऱ्याने होणारे विचलन यांचे गणित करून बॉम्ब सोडण्याचा नेमका क्षण हे यंत्र ठरवीत असे. कारखानाच तेवढा उद्ध्वस्त होईल आणि शेजारची वस्ती वाचेल, अशी आशा त्यामुळे निर्माण झाली. त्याची गुप्तता राखण्यासाठी सैनिकांकडून शपथ घेतली जाई. तरीही त्याचे आराखडे युद्धापूर्वीच जर्मनीस पोहोचले होते.

प्रत्यक्ष रणांगणावर युरोपातील ढगांनी आणि विमानविरोधी तोफांनी ते गणित मोडून काढले. अमेरिकेच्याच युद्धोत्तर पाहणीप्रमाणे, नेमक्या लक्ष्यांवर टाकलेल्या बॉम्बांपैकी सुमारे २० टक्केच लक्ष्यापासून १,००० फुटांच्या आत पडले. जपानमध्ये तर अखेरीस नेमाचा आग्रहच सोडण्यात आला. मार्च १९४५ मधील एका रात्री टोकियोवर आगलावे बॉम्ब वर्षले आणि सुमारे १ लाख माणसे मृत्युमुखी पडली. ६ ऑगस्ट रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानात नॉर्डनचेच यंत्र होते. नेम एका पुलावर धरलेला होता. स्फोट सुमारे ८०० फूट दूर, एका रुग्णालयावर झाला. ज्या अस्त्राने अवघे शहर भस्मसात व्हावयाचे, त्याला ८०० फुटांच्या चुकीचे काय?

१९६५ मध्ये झुरिच येथे नॉर्डनचे निधन झाले. त्याला न साधलेली अचूकता नंतर लेसर आणि उपग्रह यांनी साधली. तथापि नागरिकांचे मरण टळले नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये बगदादच्या अमिरिया आश्रयस्थानावर दोन बॉम्ब अगदी नेमके पडले आणि आत निजलेले ४०० हून अधिक नागरिक दगावले. मे १९९९ मध्ये बेलग्रेडमधील चीनच्या वकिलातीवरही बॉम्ब अचूकच पडले. इमारत ओळखण्यात मात्र चूक झाली होती.

तात्पर्य, बॉम्ब कोठे पडावा हे यंत्र साधू शकते. तेथे कोण राहते याची खातरजमा आज्ञा देणाऱ्यानेच करावी लागते. १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराने हीच जबाबदारी सेनापतींवर टाकली आणि नागरिकांची हानी प्रमाणाबाहेर होणार असल्यास हल्ला रद्द करण्याचे बंधन घातले. अमेरिकेने त्यास अद्याप अनुमोदन दिलेले नाही, आणि भारतही त्यात सामील नाही. अस्त्रांच्या अचूकतेचा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्रांनी प्रथम हे बंधन स्वीकारावे, हे उचित ठरेल.