उपेक्षित धन्वंतरी

माझ्या उपचारांच्या जाडजूड फायलीत डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे नाव कुठेही नाही. तरीही तिच्यातले बरेचसे त्यांचेच देणे आहे.

१६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबागला जन्मलेल्या या बंगाली डॉक्टरांनी कोलकात्यात वैद्यकीचे शिक्षण घेतले. शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, १९६७ मध्ये एडिंबरोची दुसरी डॉक्टरेटही मिळवली आणि ते मायदेशी परतले. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. मुखोपाध्याय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे हे यश होते.

त्यांची वाट मात्र वेगळी होती. इंग्लंडच्या डॉक्टरांनी निसर्गक्रमाने तयार होणाऱ्या एकाच स्त्रीबीजावर भिस्त ठेवली होती. यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अनेक बीजे वाढवली, ती योनीमार्गे काढली, भ्रूण गोठवून ठेवला आणि पुढे योग्य पाळीत गर्भाशयात सोडला. आज जगभर हेच चालते.

लोणारहून छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या खेपा त्यासाठीच. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग रोज इंजेक्शन, दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. बीजे फार वाढली तर धोका, काढायची वेळ चुकली तर सारे वाया. म्हणून पहाटेची एस.टी. धरायची आणि पडद्यावरचा ठिपका किती मिलिमीटर झाला, एवढे ऐकून परतायचे. घरी सांगायचे, नणंदेकडे गेले होते.

ही लपवाछपवी त्या डॉक्टरांना फार महाग पडली. दुर्गेच्या आईवडिलांना लोकलाजेस्तव गवगवा नको होता. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. जपानच्या परिषदेला जाण्याची परवानगी नाकारली गेली. पुढे त्यांची बदली चक्क नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी, पन्नाशीत, त्यांनी आत्महत्या केली.

न्याय मिळाला तो मुंबईकडून. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेली हर्षा देशातली पहिली मानली जात होती. हे श्रेय डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे. पुढे मुखोपाध्यायांची टिपणे आनंद कुमारांच्या हाती आली. ती तपासून त्यांनी १९९७ मध्ये जाहीर लिहिले, की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट असा उतरवून देणारे किती असतात?

पंचविशीत दुर्गा स्वतः लोकांसमोर आली. तिच्या डॉक्टरांना जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती.

माझ्या उपचारांना यश येईल की नाही, सांगता येत नाही. पण आता शेजारणींनी विचारले, की मी खरे कारण सांगते.