मांजरीच्या पिल्लाचे पिता

हजरत अबू हुरैरा (रजि.) यमनमधील दौस कबिल्याचे. घरच्या शेळ्या राखताना ते मांजरीचे एक पिल्लू सोबत नेत व रात्री त्यास झाडावर ठेवीत. त्यावरूनच हे नाव रूढ झाले. हिजरी सन 7 मध्ये ते मदीनेस आले आणि मस्जिदे नबवीतील सुफ्फा या चौथऱ्यावर राहिले. तेथे भुकेने त्यांची शुद्ध हरपत असे. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्यापर्यंत पोहोचविणाऱ्यांत हेच भूक सोसलेले सहाबी आहेत. आपण आश्रय दिलेले पिल्लू आजारी पडून अन्न सोडते, तेव्हा त्यास मदत मागता येत नाही. त्यास ऊब द्या, विलंब न करता पशुवैद्याकडे न्या. तो मुका जीव आपल्याकडील अमानत आहे. तिचा हिशेब द्यावयाचा आहे.