मांद्र्याचे भाऊ दाजी

लहानपणी माझी अशी समजूत होती की, भाऊ आणि दाजी ही दोन माणसे असावीत. घरातील वडीलधारी मंडळी हे नाव एका दमात घेत. त्यापाठोपाठ कधी आर्यभटाचा विषय निघे, तर कधी महारोगावरील कडू तेलाचा. एकाच माणसाने इतक्या निरनिराळ्या गोष्टींत हात घातला असेल, हे माझ्या बालबुद्धीस पटत नसे. पुढे कळले की हे गृहस्थ एकच, डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड. भाऊ हे त्यांचे घरचे नाव आणि दाजी हे वडिलांचे. गोमंतकातील पेडणे महालात, समुद्रकाठच्या मांद्रे गावी १८२२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला.

आम्हां ग्वाल्हेरकरांना पेडणे अगदीच परके नाही. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजा चालविणारे जिवबादादा बक्षी त्याच महालातील केरी गावचे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधला हा मुलूख १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता. शेजारची डिचोली त्याआधी थोडी वर्षे, १७८१ साली, पोर्तुगीजांकडे गेली. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पडली, तसे या उशिरा गेलेल्या महालांत घडले नाही. डिचोलीत नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आजही उभे आहे. देवळे राहिली तशा पोथ्याही राहिल्या, आणि त्या वाचणारी मराठीही राहिली. भाऊंचे पोथ्यांवरील प्रेम मला या मातीतले वाटते.

घरची स्थिती बेताची होती. मुलाचे बुद्धिबळातील कसब पाहून एका इंग्रजाने त्याला इंग्रजी शिकविण्याविषयी वडिलांचे मन वळविले, अशी हकीकत सांगतात. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात भाऊंनी बक्षिसे आणि शिष्यवृत्त्या मिळवून आपल्या शिक्षणाचा भार स्वतःच उचलला. कच्छ-काठेवाडातील बालहत्येवरील त्यांच्या निबंधास पारितोषिक मिळाले. त्याच विद्यालयात पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. आज आपण त्यांना डॉक्टर म्हणून ओळखतो, परंतु त्यांचे पहिले आसन पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाचे होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तोलून, मोजून आणि पडताळून पाहिल्यावाचून काही मानावयाचे नाही, ही शिस्त तेथे त्यांच्या अंगी बाणली आणि ती जन्मभर सुटली नाही.

१८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ होते. १८५१ पासून त्यांनी मुंबईत व्यवसाय मांडला आणि अल्पावधीत पैसा व नाव दोन्ही मिळविले. पण दवाखान्याने त्यांचा दिवस भरत नसे. १८५२ साली स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुलींच्या शाळांसाठी ते झटले. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था निघाली, तेव्हा भाऊ आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी दोघेही तिच्यात होते. १८६२ च्या प्रसिद्ध महाराज लायबल खटल्यात त्यांची साक्ष झाली. एका बलाढ्य धर्मगुरूच्या दुखण्याविषयी डॉक्टर या नात्याने जे ठाऊक होते, ते त्यांनी भर न्यायालयात शपथेवर सांगितले. अशी साक्ष देण्यास त्या काळी केवढे धैर्य लागले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता आर्यभटाकडे वळतो. गेल्या शतकाआधीच्या त्या शतकात युरोपीय पंडितांना आर्यभट ठाऊक होता, तो बहुधा इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांवरून. मूळ ग्रंथ त्यांच्या हाती नव्हता. शिवाय त्याच नावाचा दुसरा एक ज्योतिषी पुढील काळात होऊन गेला. या दोघांची गल्लत झाल्यामुळे काहीजण थोरल्या आर्यभटाला शेकडो वर्षे अलीकडे ओढीत. भाऊंनी दक्षिणेतून आर्यभटीयाच्या हस्तलिखित प्रती मिळविल्या आणि अक्षर-अक्षर तपासल्या. ग्रंथकाराने त्यात स्वतःच आपला काळ नोंदवून ठेवला आहे. कलियुगाची ३६०० वर्षे उलटली तेव्हा त्याचे वय २३ होते. यावरून हिशेब सरळ होता. ते साल ४९९ आणि जन्म ४७६ चा. १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयीचा भाऊंचा निबंध छापून आला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे म्हणणारा, परिघ आणि व्यास यांचे प्रमाण ३.१४१६ देणारा हा विद्वान पुन्हा आपल्या जागी बसला. १८७४ साली लायडन येथे केर्न यांनी आर्यभटीय छापले. त्याच वर्षी भाऊंनी जगाचा निरोप घेतला.

या उज्ज्वल चरित्रात एक गोष्ट मला बोचते. महारोगाचा त्यांनी मोठा अभ्यास केला होता. संस्कृत वैद्यकग्रंथ चाळून, औषधे स्वतः पारखून, त्यांनी कवटीच्या बियांचे तेल रोग्यांना देऊन पाहिले. त्याचा गुण आल्याचा बोलबाला दूरवर झाला. हा कवटीचा वृक्ष सह्याद्रीच्या रानांत वाढतो आणि गोमंतकाच्या लोकांस तो अपरिचित नाही. पण उपचाराचा तपशील भाऊंनी हयातीत प्रसिद्ध केला नाही. याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पुरती खात्री पटल्यावाचून बोलावयाचे नाही हा त्यांचा बाणा असावा, असे मी समजतो. परंतु १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्यांची पुष्कळशी संपत्ती बुडाली, पुढे प्रकृतीही ढासळली आणि सांगावयाचे सांगून झालेच नाही. त्याच जातीच्या वृक्षांचे तेल पुढे १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर महारोगावर वापरले गेले. भाऊंच्या रोग्यांची टिपणे वेळेवर छापली गेली असती, तर त्यांचा अनुभव इतरांना कितीतरी आधी उपयोगी पडला असता.

म्हणजे पाहा, एका हाताने त्यांनी चौदा शतकांपूर्वीचा ग्रंथ उजेडात आणला आणि दुसऱ्या हातातील स्वतःचे ज्ञान मात्र मुठीतच राहिले. आर्यभट वाचला तो केवळ स्वतःच्या बुद्धीने नव्हे. ज्यांची नावेही आज कुणास ठाऊक नाहीत, अशा नकलाकारांनी पिढ्यान् पिढ्या त्याच्या प्रती उतरून ठेवल्या म्हणून तो वाचला.

१९७५ हे वर्ष मला या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी एप्रिलच्या १९ तारखेस भारताचा पहिला उपग्रह आकाशात गेला, त्याचे नाव आर्यभट. त्याच वर्षी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट वस्तुसंग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. ज्याला शोधले तो आणि ज्याने शोधले तो, दोघांचा सन्मान एकाच साली झाला.

हे लिहिताना आमच्या घरची एक लाकडी पेटी डोळ्यांपुढे येते. वाडा पाडला तेव्हा ती उघडली, तो आतील रुमालांची वाळवीने माती केलेली. त्यांत काय होते हे मला सांगता येणार नाही, कारण इतकी वर्षे मी ती कधी उघडलीच नव्हती. आपल्या गावातील जुन्या वाड्यांत अशा पेट्या अजून असतील. त्यांत कदाचित जमाखर्चाखेरीज काही नसेल. पण ते उघडून पाहिल्यावरच कळावयाचे. मांद्र्याच्या त्या शिक्षकाने आपल्याला शिकविलेला पहिला धडा हाच आहे. दुसरा धडा त्याच्या हातून राहून गेला, तो आपण पुरा करू. जे सापडेल ते जाणत्यांना दाखवू आणि वेळेवर दाखवू.