रमाबाईंची पंढरी

गोरोबाकाकांचे आख्यान लावले म्हणजे चिखलात तुडवले गेलेले लेकरू शेवटी विठोबाच्या कृपेने पुन्हा आईकडे येते, आणि टाळमृदंगाच्या गजरात सारा मंडप सुखावतो. पण त्याच मंडपात खांबाला टेकून पदराने डोळे टिपणारी एखादी माय बसलेली असते. घरी तिचे मूल तापाने फणफणलेले असते, नाहीतर गेल्या सालीच मातीआड झालेले असते. देवाने गोरोबांचे दिले, मग माझे का नाही, हा प्रश्न तिच्या मनात उठतोच. तिला कुणी नास्तिक म्हणू नये. आईचा तो हक्कच आहे. अशा माउल्यांसाठी आज आम्ही ज्यांचे चरित्र सांगणार आहोत, त्यांची चार लेकरे गेली आणि एकही परत आले नाही. तरी त्या थोर बाईची निष्ठा कशी टिकली, हे पाहण्यासारखे आहे.

त्या म्हणजे रमाबाई आंबेडकर. डॉक्टर बाबासाहेबांच्या सहधर्मचारिणी. जन्म १८९८ सालचा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या पाट्या वाहत. आईबाप लहानपणीच निवर्तले आणि ही पोरकी भावंडे काकामामांच्या आधाराने मुंबईस आली. बालवयातच रमाबाईंचे लग्न झाले. सासरे सुभेदार रामजी कबीरपंथी. घरात संतांची भजने नित्याची. म्हणजे भक्तीचा वारा या घराला नवा नव्हता.

आता आमच्या जयसिंगपूर भागातील वाचक विचारतील, की या चरित्राचा आपल्या मातीशी काय संबंध? आहे, आणि जवळचा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवले. त्याच छत्रपतींनी इथून थोड्या अंतरावरच्या माणगावी, मार्च १९२० मधील परिषदेत, तरुण भीमरावांच्या गळ्यात पुढारीपणाची माळ घातली. त्याच वर्षी भीमराव अपुरे शिक्षण पुरे करण्यास विलायतेस गेले, त्यातही छत्रपतींचे साहाय्य होते. लोकांनी पुढारी पाहिला. त्या पुढाऱ्याच्या घरी चुलीपुढे कोण बसले होते, हे मात्र थोड्यांनी पाहिले.

१९१३ ते १९१७ अमेरिका व विलायत, पुन्हा १९२० ते १९२३ विलायत, असा धन्याचा प्रवास चालला असता मागे रमाबाईंनी परळच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार ओढला. शेण्या थापल्या, अर्धपोटी दिवस काढले, पण दूरदेशी अभ्यासाला बसलेल्या माणसाचे मन मोडेल असे काही होऊ दिले नाही. पोटी पाच अपत्ये झाली. थोरला यशवंत १९१२ सालचा. पुढे गंगाधर, रमेश, मुलगी इंदू आणि शेंडेफळ राजरत्न. यांपैकी गंगाधर, रमेश आणि इंदू ही तिन्ही बालपणीच गेली.

राजरत्नाच्या वेळी दिवस पालटले होते. साहेब बॅरिस्टर होऊन हायकोर्टात वकिली करू लागले होते. बापाचा या पोरावर फार जीव. तेही आजारले, आणि जुलै १९२६ मध्ये गेले. तो काळ ध्यानात घ्या हो! पेनिसिलिनचा शोधच मुळी १९२८ सालचा आणि ते रोग्याच्या हाती लागायला पुढे आणखी दहाबारा वर्षे गेली. तेव्हा आज चार दिवसांच्या औषधाने हटणारा ताप घरातले हसते पोर उचलून नेई. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी आपले स्नेही, कोल्हापूरचे दत्तोबा पवार, यांना पत्र लिहिले. आपण दोघेही या धक्क्यातून सावरलो नाही, हे त्यात त्यांनी लपवले नाही. एवढा वज्रासारखा पुरुष, पण लेकराच्या शोकाने मेणाहून मऊ झाला. मग त्या माउलीचे काय झाले असेल!

उरला यशवंत, आणि त्याचीही प्रकृती नाजूक. चार वेळा पोळलेल्या आईला पाचव्याच्या अंगाला हात लावताना काय वाटत असेल, ते आईलाच ठाऊक. पण म्हणून त्यांनी देव्हाऱ्याकडे पाठ फिरवली नाही. दर शनिवारी नुसत्या पाण्यावर आणि उडदावर उपवास करीत आणि धन्यासाठी देवाची करुणा भाकीत. शास्त्रकार सकाम भक्ती आणि निष्काम भक्ती असे भेद करतात. आम्हाला वाटते, मागितलेले चार वेळा न मिळूनही जी पाचव्यांदा दिवा लावते, तिची भक्ती कोणत्या कोठ्यात घालायची, हे शास्त्रकारांनीही तिच्यापाशी येऊन शिकावे.

पुढे त्यांच्या मनाने पंढरी घेतली. विठोबाचे दर्शन व्हावे एवढीच आस. परंतु तेव्हा त्यांच्या समाजाला राउळात प्रवेश नव्हता. ज्या चोखोबांचे अभंग आम्ही महाद्वारी गातो, त्यांच्या समाधीपर्यंतच यावे आणि बाहेरूनच हात जोडावे, अशी रीत. बाबासाहेबांनी समजूत घातली, की जी पंढरी भक्ताला दारातून परतवते तिच्याकडे कशाला जायचे? आपण आपल्या आचरणाने आणि दुबळ्यांच्या सेवेने दुसरी पंढरी उभी करू. मंदिराची दारे १९४७ मध्ये उघडली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. पण रमाबाई २७ मे १९३५ रोजीच दादरच्या राजगृहात देह ठेवून गेल्या होत्या. माउलीला लेकराचे तोंड दिसू नये, असे पंढरीत बारा वर्षे आधी घडले, हे वारकऱ्याने विसरू नये.

आता ती दुसरी पंढरी पाहा. रमाबाई काही दिवस धारवाडला वराळे यांच्याकडे राहिल्या होत्या. तिथे दलित मुलांचे वसतिगृह होते. एकदा अनुदान वेळेवर आले नाही, धान्य संपले, पोरे उपाशी राहिली. रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, आणि धान्य आणून पोरांना जेवू घातले. स्वतःची चार गेली होती; पंगतीला मात्र त्या दिवशी कितीतरी बसली होती!

बाबासाहेब पुढे १९५६ मध्ये बुद्धाला शरण गेले. तो त्यांचा मार्ग. रमाबाईंना कोणत्याही फडात ओढून आणण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्याचे मूल आज इस्पितळात आहे, त्याने हे चरित्र जवळ ठेवावे. वैद्याचे औषध वेळेवर द्यावे. नवस हा औषधाचा बदला नव्हे. आशा अखेरच्या श्वासापर्यंत सोडू नये; यशवंत वाचला, मोठा झाला, १९७७ पर्यंत जगला. आणि जे गेले त्याच्या वाटचा घास दुसऱ्याच्या भुकेल्या लेकराला द्यावा. श्रद्धेची कसोटी देव आपले मागणे पुरवतो की नाही यावर ठरत नाही. मागणे परत आल्यावर आपल्या हातून काय दिले जाते, यावर ठरते.

येत्या आषाढीला नामदेव पायरीशी चोखोबांच्या समाधीवर मस्तक ठेवाल, तेव्हा बाहेरच थांबावे लागलेल्या या माउलीसाठीही एक क्षण उभे राहा.

रामकृष्णहरि.